करणी, संशय आणि निदान

‘माझ्यावर करणी केली आहे’ असं सांगणारा माणूस मनोविकारतज्ज्ञासमोर येऊन बसला, तर त्याला भ्रम झाला आहे असं समजायचं का? सोलापूरकडच्या डॉक्टरला या प्रश्नाचं उत्तर पुस्तक उघडून देता येत नाही. सोलापूर-पुणे महामार्गावरची, मोहोळ तालुक्यातली चिंचोळी एमआयडीसी घ्या. केमिकलचे कारखाने, औषधांचा कच्चा माल, गाड्यांचे सुटे भाग, पाळ्यांमध्ये चालणारं काम. कामगारांत आसपासच्या गावांतले मराठी बोलणारे, शहरातल्या कानडी आणि तेलुगू घरांतले, शिवाय ठेकेदारामार्फत उत्तरेतून आलेले. एका अंगाला तुळजापूर, एका अंगाला अक्कलकोट, पलीकडे पंढरपूर, आणि वाडीच्या दिशेनं रेल्वेत बसलं की गाणगापूर. तिथं आरतीच्या वेळी बाधा झालेली माणसं घुमतात, किंचाळतात, आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही. करणी, बाहेरची बाधा, नजर, देवीचं वारं हे शब्द या मुलखात चहाच्या टपरीवरही सहज निघतात. मग समाजाची समजूत कुठं संपली आणि माणसाचा आजार कुठं सुरू झाला, हे ठरवायचं कसं? भ्रमाच्या व्याख्येत संस्कृतीबद्दलचं एक कलम आहे. ते बहुतेक वेळा सूट म्हणून वाचलं जातं: ‘त्यांच्यात असं मानतात’, म्हणून सोडून द्या. माझ्या मते ते तपास मागणारं कलम आहे. त्यानं डॉक्टरचं काम हलकं होत नाही, वाढतं. आणि ते काम टाळल्याचा तोटा आपल्याकडे निरोग्याला वेडा ठरवण्यात आहे, त्यापेक्षा आजाऱ्याला श्रद्धाळू समजून घरी पाठवण्यात जास्त आहे.

भ्रमाची आधुनिक व्याख्या कार्ल यास्पर्सपासून सुरू होते. मनोविकृतीवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९१३ साली आला. त्यानं भ्रमाच्या तीन बाह्य खुणा सांगितल्या: विलक्षण ठाम खात्री, अनुभवानं किंवा युक्तिवादानं न हलणं, आणि आशय अशक्य असणं. पण या खुणांवर तो स्वतःच समाधानी नव्हता. खरा भ्रम हा चुकीच्या तर्काचा शेवट नसतो, त्याआधी जगच बदलल्यासारखं वाटू लागतं, असं त्याचं म्हणणं होतं. रस्ता तोच, माणसं तीच, पण प्रत्येक गोष्टीत काहीतरी शिजतंय असं जाणवतं, आणि मग अचानक ‘अर्थ’ सापडतो. पुढं अमेरिकन मनोविकार संघटनेच्या पुस्तिकेनं, म्हणजे डीएसएमनं, १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीत हे सगळं एका वाक्यात बसवलं: बाह्य वास्तवाबद्दलच्या चुकीच्या अनुमानावर उभी असलेली, इतर जवळपास सगळे उलट मानत असतानाही घट्ट धरलेली खोटी समजूत, जी त्या माणसाच्या संस्कृतीत किंवा उपसंस्कृतीत सर्वसाधारणपणे मान्य नसते. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनं मुख्य मजकुरात खोटेपणावरचा भर काढून घेतला आणि विरोधी पुरावा समोर असूनही न बदलणारी समजूत, एवढ्यावर ती थांबली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये मात्र संस्कृतीचं कलम ठळकपणे शाबूत आहे. धर्मश्रद्धेचा भाग असलेली गोष्ट भ्रमात धरायची नाही, असं ती सांगते.

खोटेपणाचा निकष मागं का पडला, याला कारण आहे. बायकोवर संशय घेणाऱ्या नवऱ्याचं उदाहरण यास्पर्सच्या काळापासून दिलं जातं. बायकोचं खरोखरच बाहेर प्रकरण असेल, तरी नवऱ्याचा संशय भ्रम असू शकतो, कारण तो ज्या ‘पुराव्या’वर उभा असतो तो पुरावाच नसतो: खिडकीचा पडदा अर्धा उघडा होता, म्हणून. उलट बाजूनं, लाखो माणसं एकाच वेळी एखादी असंभव गोष्ट मानू शकतात आणि त्यातलं कुणीही आजारी नसतं. २१ सप्टेंबर १९९५ ला देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्या. चमचा मूर्तीला टेकवला की दूध कसं ओढलं जातं, हे पृष्ठताणावरून समजावणारे त्या दिवशीही होते, आणि रांगाही होत्या. त्या रांगांत भ्रम शोधायला कुणी मनोविकारतज्ज्ञ गेला नाही, हे योग्यच झालं. ब्रिटनमध्ये इमॅन्युएल पीटर्स यांनी १९९९ साली एक मोजमाप केलं. हरे कृष्ण आणि ड्रुइड पंथांच्या लोकांना भ्रमासारख्या समजुतींची प्रश्नावली दिली आणि तीच मनोविकाराच्या वॉर्डातल्या रुग्णांनाही दिली. समजुतींच्या संख्येत पंथीय आणि रुग्ण फारसे वेगळे निघाले नाहीत. फरक होता तो त्या समजुती त्यांना किती छळतात आणि दिवसाचा किती वेळ खातात, यात. समजुतीचा मजकूर सारखा, तिच्याबरोबरचं जगणं वेगळं. मला हा अभ्यास या सगळ्या चर्चेचा कणा वाटतो.

यावरून संस्कृतीची तपासणी सोपी झाली असं वाटेल, पण तिथंच शास्त्र वारंवार अडखळलं आहे. चौथ्या डीएसएमनं ‘विचित्र’ भ्रमांना खास वजन दिलं होतं. त्या संस्कृतीतल्या माणसालाही ज्याचा अर्थ लागणार नाही असा एक भ्रम सापडला, की स्किझोफ्रेनियाच्या लक्षणांच्या कसोटीला तेवढा एकच पुरेसा. पाचव्या आवृत्तीनं ही सवलत काढली, कारण काय विचित्र आणि काय नाही यावर दोन डॉक्टरांचं एकमत होईना. देश बदलला की निदानही बदलतं, हे तर १९६० आणि ७० च्या दशकातच दिसलं होतं. न्यूयॉर्क आणि लंडनच्या डॉक्टरांची तुलना झाली, त्याच रुग्णांच्या चित्रफिती दोघांना दाखवल्या. काही रुग्णांना अमेरिकन डॉक्टरांपैकी बरेच जण स्किझोफ्रेनिया म्हणत होते आणि ब्रिटिशांपैकी जवळजवळ कुणीच नाही. रुग्ण तोच, भाषाही तीच. मग सोलापुरात तेलुगू घरातल्या बाईची कहाणी मराठी डॉक्टर दुभाष्यामार्फत ऐकतो, तेव्हा काय होत असेल?

स्थलांतरितांच्या बाबतीत तर हे प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. ब्रिटनमधल्या कॅरिबियन वंशाच्या लोकांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास नऊपट असल्याचं २००६ च्या अभ्यासात आलं, आणि कॅरिबियन बेटांवर मात्र ते इतकं नव्हतं. गोरे डॉक्टर काळ्यांच्या संस्कृतीला आजार समजतात, असा स्वाभाविक आरोप त्याच्या आधीपासूनच होत होता. तो तपासायला फ्रेडरिक हिकलिंग या जमैकन मनोविकारतज्ज्ञानं लंडनच्या वॉर्डात त्याच रुग्णांचं स्वतंत्र निदान केलं. गंमत अशी की किती जणांना स्किझोफ्रेनिया आहे, याची त्याची आणि ब्रिटिश डॉक्टरांची टक्केवारी जवळजवळ सारखी आली. पण कुणाला आहे, यावर फारसं जुळलं नाही. म्हणजे पूर्वग्रहामुळे आकडा फुगला असं सरळ सिद्ध होत नाही, आणि निदान पक्कं आहे असंही नाही. परक्या मुलखात हलक्या दर्जाचं जिणं जगण्यानं खरोखर आजार वाढत असावा, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. नाक्यावरच्या एका खोलीत सहा-सात जण राहणाऱ्या ठेक्यावरच्या कामगारांबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही.

आता घरच्या अंगणात येऊ. जॉन स्टॅन्ली या अमेरिकन अभ्यासकानं खंडोबाच्या परंपरेच्या निमित्तानं महाराष्ट्रातल्या अंगात येण्याचा अभ्यास केला. देवाचं अंगात येणं आणि भुताची बाधा या दोन गोष्टी इथला माणूस स्वतःच काटेकोर वेगळ्या करतो, हे त्यानं दाखवलं. पहिलं मागितलं जातं, मानाचं असतं, त्याला वेळ आणि जागा असते. दुसरं नको असतं, ते काढायचं असतं. व्हिएडा स्कल्टन्स यांनी १९८७ साली महानुभाव मंदिरात उपचाराला आलेल्या कुटुंबांवर लिहिलं. तिथं झपाटल्यासारख्या होणाऱ्या बायका पुष्कळदा घरातल्या दुसऱ्याच कुणाच्या तरी आजाराचं ओझं स्वतःच्या अंगावर घेतल्याचं सांगत होत्या. आजारी मुलगा, आणि घुमणारी आई. एरवी कुठलाच आवाज नसलेल्या बाईला तो एक आवाज होता, असं कुणी म्हणेल. घराची सगळी जबाबदारी तिच्याच गळ्यात पडते, असंही म्हणता येईल. पण तिला ‘भ्रम’ म्हणून गोळ्या सुरू करणं चूक ठरलं असतं, हे नक्की. आयसीडी-११ ही हेच मानते. समूहाच्या धार्मिक प्रथेचा भाग असलेली तंद्री किंवा संचार तिनं विकारातून वगळला आहे; तो इच्छेविरुद्ध, प्रथेबाहेर येऊ लागला आणि माणसाला मोडू लागला, तरच तो विकार. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं तिसरं कलम तर याहून स्पष्ट आहे. वंश, धर्म, सांस्कृतिक गट यांवरून किंवा समाजातल्या धार्मिक-नैतिक समजुतींशी न जुळण्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

हे सगळं मान्य केलं, तरी डॉक्टरच्या टेबलावर प्रश्न उरतोच. एक नमुना डोळ्यासमोर आणू. चिंचोळीच्या रात्रपाळीतला तिशीतला कामगार, भावकीत बांधावरून वाद. एका सकाळी उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू आणि बिबवा. चुलत्यानं करणी केली, असं तो म्हणतो. आई म्हणते, बायको म्हणते, शेजारी मान डोलावतात. देवऋष्याकडे जाऊन येतात, उतारा टाकतात. चार दिवस घरात धास्ती असते, पाचव्या दिवशी गडी ड्युटीवर जातो. चुलत्याशी बोलणं बंद, एवढाच शिल्लक परिणाम. दुसरा कामगारही करणीच सांगतो. पण त्याच्या करणीला लिंबू लागत नाही. ती गेटवरच्या थंबच्या मशिनीतून अंगात सोडली जाते. मशीन दोनदा वाजलं की ती त्याच्यासाठी, एकदा वाजलं की सुपरवायझरला इशारा. भोंग्यात त्याचं नाव येतं. कँटीनमध्ये तो डबा उघडत नाही. घरच्यांनी उतारा केला, देवऋष्यानं ‘सुटला’ म्हणून सांगितलं, तर आता देवऋषीही त्यांना सामील आहे. आणि आई डॉक्टरला सांगते, ‘साहेब, करणी आम्हीबी मानतो, पण असलं कुणी सांगत नाही.’

त्या आईच्या वाक्यात संस्कृतीचं कलम पुरं होतं. समाजात करणीची समजूत आहे की नाही, एवढंच विचारलं तर दोघेही सुटतात, किंवा तर्कवादी डॉक्टर असेल तर दोघेही अडकतात. विचारायचं असतं ते वेगळं. ही समजूत माणसानं समाजाकडून घेतली, की समाजाचा शब्द घेऊन त्यात स्वतःचं एकट्याचं जग भरलं? समाजाच्या समजुतीबरोबर समाजाचा उपायही येतो, त्या उपायाला शेवट असतो, आणि शेवट झाला की माणूस पुन्हा माणसांत येतो. ज्याची करणी उताऱ्यानंतर कमी न होता पसरत जाते, उतारा करणाऱ्यालाच कटात ओढते, जेवण आणि झोप खाते, त्याची करणी गावाची राहिलेली नाही. भ्रमाचा आशय काळाप्रमाणे बदलतो, हे स्लोव्हेनियातल्या ल्युब्ल्यानाच्या रुग्णालयाच्या १८८१ ते २००० च्या नोंदींतही दिसतं. रेडिओ आणि दूरदर्शन आले, तसे ते भ्रमांतही शिरले. थंबचं मशीन त्याच रांगेतलं. आशय संस्कृती पुरवते. आजार आशयात शोधायचा नसतो.

इथं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या बाजूनं एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पहिल्या कामगाराची समजूत खोटीच ना? तिला ‘सांस्कृतिक’ म्हणून मोकळीक दिली, तर डॉक्टरही बुवाबाजीचा पाठीराखा ठरत नाही का? अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला, त्या राज्यात हा प्रश्न हलक्यानं घेता येत नाही. पण हा कायदाच उत्तर देतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, अंगात दैवी शक्ती संचारल्याचं भासवून धाक घालणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणं, अशी कृत्यं त्यानं गुन्हा ठरवली. मनातल्या समजुतीला नाही. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन तर स्पष्टपणे बाहेर ठेवली. समजूत खोटी आहे म्हणून तिच्याशी वाद घालावा, शाळेत घालावा, जाहीर सभेत घालावा. गोळी मात्र आजारावर असते. हा भेद का लागतो, ते जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळमध्ये दिसलं. दोन भावांच्या कुटुंबांतले नऊ जण मेले. आधी सामूहिक आत्महत्या वाटली. नंतर गुप्तधनाच्या आमिषानं पैसे उकळणाऱ्या मांत्रिकानं विष दिल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी सोलापूरच्या दोघांना अटक केली. गुप्तधनावरची ती समजूत मनोविकार नव्हती. तिथं डॉक्टर काय करणार होता? ते काम पोलिसांचं आणि समितीचं होतं.

दुसरा आक्षेप माझ्या म्हणण्यालाच भिडतो. घरच्यांना साक्षीदार धरायचं, तर घरचेच त्यात गुरफटले असतील तेव्हा काय? १८७७ मध्ये लासेग आणि फालरे या फ्रेंच डॉक्टरांनी एकाचा भ्रम दुसऱ्याला लागण्याचं वर्णन केलं, ते याच कारणानं प्रसिद्ध झालं. दिल्लीतल्या बुराडीत १ जुलै २०१८ ला एकाच घरातले अकरा जण मेलेले सापडले. मेलेल्या वडिलांचा आत्मा घरातल्या एका मुलामार्फत बोलतो, अशा नोंदींच्या वह्या घरात निघाल्या. आत्मा मानणं हे समाजाचं, पण त्या वह्यांतले आदेश घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हते, आणि ते गुप्त ठेवण्यावरच सगळं चाललं होतं. म्हणून ‘घरच्यांना मान्य’ म्हणजे ‘संस्कृतीला मान्य’ असं धरता येत नाही. साक्ष घराच्या उंबऱ्याबाहेरचीही लागते: पाहुण्याची, सोबतच्या कामगाराची, कधीकधी देवऋष्याचीसुद्धा. हे वाचून काही डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडतील, पण घुमणं आणि वेड यातला फरक देवऋषी रोज बघत असतो.

तिसरा आक्षेप उलट दिशेनं येतो: भ्रम ही कल्पनाच पाश्चात्त्य, वसाहतीबरोबर आलेली. हे मला पटत नाही. चरकसंहितेत उन्मादाचं वर्णन आहे, आणि देव, गंधर्व, पिशाच हे निर्दोष माणसाला विनाकारण छळत नाहीत, मूळ माणसाच्या स्वतःच्या प्रज्ञापराधात आहे, असा निर्वाळाही त्यातच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६० च्या दशकात सुरू केलेल्या स्किझोफ्रेनियाच्या पाहणीत आग्र्यासह नऊ केंद्रं होती. सगळीकडे आजाराचा ओळखता येईल असा गाभा सापडला, आणि विकसनशील देशांत रुग्ण तुलनेनं बरे निघाले, जरी त्या निष्कर्षाच्या कारणांवर अजून वाद आहे. तान्या लुहरमान यांनी अमेरिका, घाना आणि चेन्नईतल्या रुग्णांना त्यांच्या आवाजांबद्दल विचारलं, तेव्हा चेन्नईत पुष्कळांना नातेवाईक बोलताना ऐकू येत होते, घरकाम सांगणारे. संस्कृतीनं आजाराला रूप दिलं, आजार निर्माण केला नाही.

आणि कारण अगदीच तिसरीकडे असू शकतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेनं चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यावर छापा टाकून एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बनवण्याचा धंदा उघड केला. कारखाना इथं निघाला म्हणून इथले कामगार ते घेतात असं मुळीच नाही. पण मेफेड्रोनसारख्या उत्तेजकांनी झोप उडते, संशय वाढतो, आवाज येऊ लागतात, आणि तेव्हा तोंडून निघणारी भाषा गावचीच असते. ‘करणी’ म्हणूनच तो सांगणार. संस्कृती समजून घेण्यात रमलेला डॉक्टर लघवीची तपासणी विसरला, तर त्याची सहृदयता रुग्णाच्या काही कामाची नाही. सलग रात्रपाळ्यांनी तुटलेली झोपही याच यादीत येते.

वेळ कुठून आणायचा, ही खरी अडचण. सिव्हिलच्या ओपीडीत रांग लागलेली असते. डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीनं सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत दिली, आणि ज्या मोजक्या देशांत ती आधी वापरून पाहिली त्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र होतं. मराठी रुग्णांवर घासून बघितलेलं हत्यार आपल्याकडे आहे, ते जिल्ह्याच्या ठिकाणी दिसत नाही, एवढंच. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झालं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण तीव्र मनोविकार असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांपर्यंत उपचार पोचले नव्हते, हा तिथला आकडा आपल्याला लागू नसेल असं मानायला आधार नाही. उपचाराविना जितके महिने जातात तितकं पुढचं बरं होणं अवघड होतं, यावर तर फारसा वाद उरलेला नाही. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात डॉक्टर दर्ग्याच्याच आवारात बसतात, दवा आणि दुआ एकत्र. त्यामुळे दर्ग्याला शास्त्राची मान्यता मिळते, असा आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. तरीही गाणगापूरच्या वाटेवरच्या माणसाला वाटेतच गाठणारी दुसरी सोय आज नसेल, तर मी ही किंमत द्यायला तयार होईन.

तोवर निदान केसपेपर तरी बदलता येतो. ‘करणी झाल्याचे सांगतो’ या एका ओळीवर तो थांबतो. तिच्याखाली आईला काय वाटतं, घराबाहेरचा कोण काय म्हणतो, उतारा कधी झाला आणि त्यानंतर काय घडलं, झोप किती, पाळी कोणती, नशा कशाची, एवढं लिहायला दहा मिनिटं पुरतात. पहिला कामगार त्या दहा मिनिटांत घरी जातो. दुसऱ्याची गोळी त्याच दिवशी सुरू होते.